पांजरपोळ, कोंडवाडा आणि म्हातारा कुत्रा : आश्रयवाचक शब्दांचा एक इतिहास

बेवारशी जनावराला आश्रय देण्याची पद्धत प्रत्येक समाजात असते. तो आश्रय कोणाला, किती काळ आणि कोणाच्या वतीने द्यावयाचा, याविषयीची समजूत मात्र त्या समाजाच्या शब्दांत साठून राहिलेली असते. वय ठाऊक नसलेल्या, उतार वयाच्या कुत्र्याला काही काळ घरी सांभाळण्याची आज शहरांत रूढ होत असलेली रीत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. दिग्रससारख्या वऱ्हाडातील गावात या रीतीला अद्याप स्वतंत्र नाव नाही. ते का नाही, याचे उत्तर अंशतः मुंबईच्या इतिहासात आणि अंशतः बैलबाजारात सापडते.

प्रथम मुंबईकडे वळावयास हवे. मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबई सरकारने १८१३ मध्ये केला होता. उन्हाळ्याच्या ठराविक मुदतीत कुत्री मारावीत आणि मारणाऱ्यास प्रत्येक कुत्र्यामागे इनाम द्यावे, अशी ती व्यवस्था होती. इनामाची रक्कम आठ आणे होती. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली आणि ६ व ७ जून रोजी कोट भागात दंगा उसळला. कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, त्यात हिंदू व जैन व्यापारीही सामील झाले आणि कुलाब्याच्या पलटणीचा शिधा अडविण्यात आला. लष्कर बोलावून दंगा मोडण्यात आला. तथापि त्यानंतर कुत्री ठार न मारता शहराबाहेर नेऊन सोडावीत, या तडजोडीपर्यंत सरकारला यावे लागले.

पारशी समाजाने एवढे टोक का गाठले, हे वेंदिदाद पाहिल्यावाचून कळत नाही. त्या ग्रंथाचा तेरावा फर्गर्द जवळजवळ संपूर्णपणे कुत्र्याविषयी आहे. त्यात मेंढपाळाच्या व घराच्या कुत्र्याबरोबर ‘वोहुनज्ग’ या तिसऱ्या कुत्र्याचाही उल्लेख येतो, आणि त्याचा अर्थ काही अभ्यासकांनी बिनधन्याचा कुत्रा असा केला आहे. पंधराव्या फर्गर्दात विण्यास आलेल्या कुत्रीचा भार कोणी वाहावा हा प्रश्न उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर असे की, ज्याचे घर सर्वांत जवळ, त्याने. मालकीचा प्रश्न बाजूस ठेवून केवळ सान्निध्यावरून कर्तव्य ठरविणारा इतका जुना नियम लक्षणीय होय. अवेस्ता भाषेतील ‘स्पन्’ आणि संस्कृत ‘श्वन्’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार आहेत. शब्द सख्खा असूनही दोन परंपरांनी प्राण्याला दिलेले स्थान निराळे पडले. आपल्याकडे श्वानाला बलिहरणात घास आहे, पण घरात जागा नाही. पैनगंगेपलीकडच्या माहुरास दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री वेदरूपाने उभी आहेत, आणि दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या अंगणातले कुत्रे मात्र उंबऱ्याबाहेरच राहते.

दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिचे पहिले रहिवासी गाई नसून कुत्री व डुकरे हे होते. गाई पुढे आल्या, त्याही काही अंशी या प्राण्यांना दूध मिळावे म्हणून. आज पांजरपोळ म्हटले की गाय आठवते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद करावयास हवी. चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून उभे राहिलेले धन या दयाधर्माच्या मुळाशी होते, हेही विसरता येत नाही.

‘पांजरपोळ’ हा शब्द गुजरातीतून आला. पञ्जर म्हणजे पिंजरा, आणि पोळ म्हणजे वेशीने बंद होणारी गल्ली. हा पोळ ‘प्रतोली’पासून निघाला आहे. देवाला सोडलेल्या वळूला मराठीत जो पोळ म्हणतात त्याच्याशी याचा संबंध नाही, जरी मोकाट जनावराच्या संदर्भात तो जोडण्याचा मोह होतो. पांजरपोळीत जनावराचे वय विचारीत नसत, कारण तेथे आलेले जनावर मरेपर्यंत राहावयाचे हे गृहीतच होते.

वऱ्हाडात ही संस्था या नावाने रुजली नाही. तेथे एका बाजूस गोरक्षण संस्था आल्या, दुसऱ्या बाजूस कोंडवाडा. ‘गोरक्षण’ या नावातच कुत्र्याला वगळले आहे. कोंडवाड्याची कथा अधिक बोलकी आहे. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या १८७१ च्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या दिली असून, तीत हत्ती, उंट, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी इतके प्राणी येतात. कुत्रा येत नाही. कारण उघड आहे : कोंडवाडा दंड भरून जनावर सोडविणाऱ्या मालकासाठी आहे, आणि मालक न आला तर जनावराचा लिलाव होतो. ज्याला बोली लागणार नाही ते जनावर कोंडून सरकारचा काय लाभ?

वयाच्या शब्दांतही हाच हिशेब दिसतो. दिग्रस हे जुन्या दारव्हा तालुक्यातील कापसाच्या व्यापाराचे गाव. अशा मुलखात बैलाचे तोंड उघडून वय सांगणारे लोक पुष्कळ. अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशी एक संपूर्ण परिभाषा तेथे नांदते. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने काही वर्षांत येतात, म्हणून ती वापरता येते. कुत्र्याच्या बाबतीत पिलू आणि म्हातारे यांपलीकडे शब्द जवळपास नाहीत. याला शरीराचेही कारण आहे. कुत्र्याचे ४२ कायमचे दात सुमारे सातव्या महिन्यापर्यंत येऊन संपतात. त्यानंतर केवळ झीज पाहावयाची. रस्त्यावर हाडे आणि दगड चघळणाऱ्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात, त्यामुळे ते आहे त्याहून म्हातारे वाटते. तोंडाभोवतीचे पांढरे केस आणि डोळ्यांच्या भिंगातील निळसर धूसरपणा या खुणाही अंदाजापुरत्याच. परंतु जनावराला किंमत असती तर या अंदाजालाही बाजाराने नावे दिली असती, असे मानावयास हरकत नाही.

अशा कुत्र्याला तात्पुरते घरी ठेवण्याच्या रीतीस शहरी मराठीत ‘फॉस्टर करणे’ म्हणतात. वर्तमानपत्रे पुष्कळदा ‘दत्तक’ लिहितात, ते चूक होय. दत्तकाने नाते कायमचे बदलते. इंग्रजी फॉस्टर शब्दाच्या मुळाशी ‘अन्न’ आहे, म्हणून ‘पोसणे’ अर्थाने जवळचे. पण ‘पोसणे’त मुदत नाही. ‘पाळणे’त मालकी आहे. उरते ते ‘सांभाळणे’. शेजाऱ्याची म्हैस, बहिणीचे मूल, गावाला गेलेल्याचे घर सांभाळतात; वस्तू दुसऱ्याची, काळजी आपली. अडचण एवढीच की, येथे तो ‘दुसरा’ अजून ठरलेला नसतो, आणि कुत्रा म्हातारा असल्यास बहुधा ठरतच नाही. मग सांभाळणे न सांगता पाळण्यात विरघळते, किंवा कुत्र्याला पुन्हा घर बदलावे लागते. वयाचा अंदाज दोन-तीन वर्षांनी चुकला तर हा सगळा हिशेब बदलतो. पिलाच्या बाबतीत तसे होत नाही.

कायद्याची भाषा अलीकडे हलली आहे. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी कुत्र्यांचे पाळीव आणि रस्त्यावरील असे दोन वर्ग केले आणि नसबंदी व लसीकरणानंतर कुत्रा मूळ जागीच सोडावयाचा, असे ठरविले. २०२३ च्या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा आली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून पकडलेली कुत्री त्याच जागी परत न सोडता निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यामुळे लहान नगरपरिषदांपुढे पांजरपोळीचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे : बसस्थानकावरून उचललेला, झिजलेल्या दातांचा कुत्रा न्यावयाचा कोठे? कोंडवाड्याच्या यादीत तो नाही, गोरक्षणाच्या नावात नाही. एखाद्या घराने तो सांभाळावयास घेतला, तर पशुवैद्य लसीच्या कार्डावर वयाच्या रकान्यात आकडा लिहितो आणि त्याच्या आधी ‘अंदाजे’ हा शब्द.