अस्वलांचे कॅमेरा-सापळा छायाचित्रण

अस्वलाच्या वावराच्या वाटेवर बसवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने, माणूस जवळ नसताना त्याची छायाचित्रे घेण्याची पद्धत. प्राण्याने तार ओढताच प्रकाशझोत पाडून छायाचित्र टिपण्याचे तंत्र अमेरिकेत जॉर्ज शिरास (तिसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरले. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात ते रुजवले. आजच्या कॅमेऱ्यातील अवरक्त संवेदक परिसर व प्राणी यांच्या तापमानातील फरक आणि हालचाल टिपतो (पहा : अवरक्त प्रारण). अस्वलाचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असल्याने ते अनोळखी वासाकडे ओढले जाते व कॅमेरा चावते, ओरबाडते; त्यामुळे तो पोलादी पेटीत घालून झाडाला बांधतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, तशी अस्वलाची वैयक्तिक ओळख सोपी नसते (पहा : वाघ). दक्षिण अमेरिकेतील चष्मेवाल्या अस्वलाच्या चेहऱ्यावरील आणि आशियाई काळ्या अस्वलाच्या छातीवरील खुणा उपयोगी पडतात. छाती दिसावी म्हणून जपानमध्ये उंचावर आमिष टांगून अस्वलाला उभे करतात. अंगावर ठळक खुणा नसलेल्या तपकिरी अस्वलासाठी काटेरी तारेत अडकलेल्या केसांतील डीएनए तपासणे अधिक भरवशाचे. मेळघाट व ताडोबात वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत भारतीय अस्वलाच्याही नोंदी मिळतात (पहा : अस्वल; व्याघ्र प्रकल्प).