शेतकरी उत्पादक संस्थेच्या कार्यालयातील फोन यंत्रणा: आवाजाचा कोडेक आणि कॉलची सुरक्षितता

थोडक्यात

बियाण्यांची मागणी, मालाचा दर, पेमेंटची चौकशी ही सभासदांची बरीचशी कामे संस्थेच्या फोनवर होतात. अनेक कार्यालयांत आता इंटरनेटवर चालणारी फोन यंत्रणा, म्हणजे आयपी पीबीएक्स, बसवली जाते. तिच्यात दोन गोष्टी सुरुवातीलाच नीट ठरवाव्या लागतात: आवाज कोणत्या पद्धतीने पाठवायचा आणि कॉल व यंत्रणा सुरक्षित कशी ठेवायची. पहिली चुकली तर आवाज तुटतो. दुसरी चुकली तर संस्थेच्या, म्हणजेच सभासदांच्या, पैशांना धोका पोहोचतो.

ही माहिती कोणासाठी?

- शेतकरी उत्पादक संस्थांचे संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी व लेखापाल
- बचत गटांचे प्रभागसंघ आणि इतर सभासद संस्था
- आपल्या संस्थेला प्रश्न विचारू इच्छिणारे सभासद शेतकरी

खर्च कोणत्या निधीतून?

१०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या निर्मितीची केंद्रीय योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. या योजनेत प्रत्येक संस्थेला तीन वर्षांसाठी कमाल १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्चाचे साहाय्य मिळते. त्यात वीज व टेलिफोनचा खर्च, तसेच किरकोळ साहित्याचा एकरकमी खर्च या बाबी आहेत. फोन यंत्रणा खरेदी करण्यापूर्वी आपल्या क्लस्टर आधारित व्यवसाय संस्थेकडून खर्चाचे शीर्षक व मर्यादा तपासून घ्यावी.

कोडेक म्हणजे काय?

आपला आवाज अंकांत बदलून इंटरनेटवरून पाठवण्याच्या आणि पलीकडे पुन्हा आवाजात बदलण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. नेहमी लागणारे चार कोडेक असे:

- जी.७११: साध्या टेलिफोनसारखा आवाज. प्रत्येक कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रति सेकंद लागतात. याचे दोन प्रकार आहेत. भारतात ए-लॉ वापरला जातो, म्हणून तोच निवडावा.
- जी.७२९: आवाज दाबून पाठवतो. सुमारे ३१ किलोबिट पुरतात. कमकुवत इंटरनेटवर उपयोगी, पण फॅक्स चालत नाही.
- जी.७२२: अधिक स्पष्ट आवाज. जागा जी.७११ इतकीच लागते. कार्यालयातील अंतर्गत कॉलसाठी चांगला.
- ओपस: इंटरनेटच्या वेगानुसार जुळवून घेतो. मोबाइल ॲपवरून यंत्रणेला जोडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी योग्य.

एकाच वेळी पाच कॉल चालणार असतील तर जी.७११ साठी प्रत्येक दिशेने साधारण ४४० किलोबिट लागतात, जी.७२९ साठी १६० किलोबिटच्या आत काम होते. हिशेब करताना अपलोडचा वेग पाहावा, कारण बहुतेक कनेक्शनमध्ये तोच कमी असतो.

कोडेक निवडण्याची पद्धत

१. यंत्रणेतील सर्व कोडेक आधी बंद करा. मग हवे तेच, पसंतीच्या क्रमाने सुरू करा.
२. बाहेरच्या लाइनसाठी जी.७११ ए-लॉ पहिला आणि जी.७२९ दुसरा ठेवा. सेवा पुरवठादार कोणते कोडेक स्वीकारतो, हे त्याच्याकडून लेखी घ्या.
३. बटणांचे आकडे पाठवण्यासाठी आरएफसी ४७३३ हा पर्याय निवडा. आकडे आवाजातूनच पाठवले आणि कोडेक जी.७२९ असला, तर ‘मराठीसाठी एक दाबा’ असे सांगूनही दाबलेले बटण यंत्रणेला कळत नाही.
४. राउटरमध्ये फोनच्या कॉलला प्राधान्य द्या. ‘सिप एएलजी’ ही सोय बंद ठेवा.

अक्षरे ऐकण्यातील चूक

साध्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘एस’ आणि ‘एफ’ यांतील फरक मुख्यतः त्याच्या वर असतो, म्हणून ही अक्षरे फोनवर सारखी वाटतात. आयएफएससी कोड लिहिताना असे एक अक्षर चुकले तरी पेमेंट अडकू शकते. कार्यालयात जी.७२२ असला तरी कॉलच्या संपूर्ण मार्गावर तशी सोय नसेल तर उपयोग होत नाही. म्हणून फोनवर अक्षरे सांगताना ‘एस साताऱ्याचा, एफ फलटणचा’ असे सांगावे. बँक तपशील मात्र पासबुकाच्या प्रतीवरूनच नोंदवावा.

कॉलची सुरक्षितता

दोन व्यवस्था लागतात. टीएलएस ही कोण कोणाला कॉल करत आहे ही माहिती झाकते. एसआरटीपी प्रत्यक्ष संभाषण झाकते. दोन्ही एकत्र सुरू करावीत. अनेक यंत्रणांमध्ये संभाषणाची किल्ली कॉल जोडण्याच्या संदेशातूनच जाते, त्यामुळे टीएलएस नसेल तर ती किल्ली उघडी पडते.

हे संरक्षण आपल्या यंत्रणेपासून सेवा पुरवठादारापर्यंतच असते, आणि तेही पुरवठादाराने सोय दिली असेल तर. तेथून सभासदाच्या मोबाइलपर्यंतचा मार्ग आपल्या हातात नसतो.

यंत्रणेचा गैरवापर कसा टाळावा?

सर्वात मोठे नुकसान संभाषण ऐकल्याने नव्हे, तर यंत्रणेत शिरून परदेशी कॉल केल्याने होते. असे कॉल बहुधा रात्री किंवा सुटीत होतात आणि बिल संस्थेच्या नावे येते. त्यासाठी:

- प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा व लांब पासवर्ड द्या. १०१ क्रमांकाला १०१ हाच पासवर्ड कधीही ठेवू नका.
- परदेशी कॉलची सोय पुरवठादाराकडून आणि यंत्रणेतूनही बंद करून घ्या.
- यंत्रणेचे व्यवस्थापन पान इंटरनेटवर उघडे ठेवू नका. बाहेरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन द्या.
- वारंवार चुकीचा पासवर्ड देणारा पत्ता आपोआप अडवला जाईल अशी मांडणी करा.
- कर्मचारी नोकरी सोडताच त्याचे एक्स्टेन्शन बंद करा.
- लाइन फक्त परवानाधारक दूरसंचार पुरवठादाराकडूनच घ्या.

कॉल रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीलाच तसे सांगा. रेकॉर्डिंग कशासाठी, किती दिवस ठेवणार आणि कोण ऐकू शकेल, याचा संचालक मंडळात ठराव करा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका बाजूचाच आवाज येतो. काय करावे?
बहुतेक वेळा कारण राउटर असते. यंत्रणेत कार्यालयाचा बाहेरचा आयपी पत्ता बरोबर भरला आहे का आणि आवाजाचे पोर्ट अडवलेले नाहीत ना, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

कॉल सुरक्षित असेल तर ओटीपी सांगता येईल का?
नाही. कूटबद्ध कॉल फक्त वाटेत ऐकला जात नाही. पलीकडे कोण बोलत आहे याची तो खात्री देत नाही. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड संस्थेच्या कर्मचाऱ्यानेही मागू नये.

संस्थेच्या नावाने कॉल आला. खरा कसा ओळखावा?
स्क्रीनवर दिसणाऱ्या क्रमांकावर विसंबू नका. कॉल बंद करा आणि पावतीवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा.

फसवणूक झाली तर?
पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कॉल करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर होईल तितके पैसे पुढच्या खात्यांत जातात. पैसे गेले नसतील, पण कॉल संशयास्पद असेल, तर संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षु’ सुविधेत नोंद करा. पीएम-किसानबाबत खात्री करायची असल्यास १५५२६१ वर विचारा.