मौन आणि संमती

जुन्या मराठी मासिकांच्या फायली चाळणाऱ्याच्या नजरेस वर्षअखेरच्या अंकात एक चौकट वारंवार पडते. वर्गणी संपली आहे, अंक नको असल्यास कळवावे, नकार न आल्यास पुढील अंक व्ही. पी. ने पाठविला जाईल, अशा अर्थाची ती सूचना असे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या संपादकांनी असे व्यवहारात आणले होते. परंतु वर्गणीदारही काही कमी वस्ताद नसे. तो कळवीत काहीच नसे, आणि पोस्टमन दारात उभा राहिला की व्ही. पी. परत करी. टपालखर्च बसे संपादकाच्या माथी. असे दोनचारदा हात पोळले म्हणजे संपादक वर्गणीदारांची वही घेऊन बसे आणि खरे ग्राहक कोण, नुसत्या नावाचे कोण, ह्याची निवड करी.

आज मला ज्या वहीचा इतिहास सांगावयाचा आहे, ती ह्याच वहीची धाकटी बहीण आहे. संस्था, दुकानदार, प्रकाशक आपल्याला ई-मेलने पत्रे पाठवितात; त्यासाठी त्यांच्याजवळ नावांची यादी असते. ह्या यादीत नाव घालावयाचे तर त्या माणसाची परवानगी हवी, हा नियम आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. तो कोणा तत्त्वज्ञाने घालून दिलेला नाही. भांडणातून, खोड्यांतून आणि पुष्कळशा मनस्तापातून तो तयार झाला आहे.

आरंभ १९७८ सालचा. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशावर चालणारे अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे त्यावेळी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा ह्यांना जोडीत होते. ३ मे रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्याने ह्या जाळ्यावरील पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी पत्र धाडले. कंपनीच्या नव्या यंत्रांचे प्रात्यक्षिक लॉस एंजेलिस आणि सॅन माटेओ येथे होणार आहे, अवश्य यावे, एवढाच मजकूर. पत्ते छापील निर्देशिकेतून घेऊन एकेक करून हाताने टाइप केलेले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले, आणि पुष्कळांना पत्राऐवजी प्रथम नावांची लांबलचक माळच वाचावी लागली! तक्रारी झाल्या. जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या लष्करी कार्यालयाने, हा जाळ्याच्या नियमांचा भंग आहे, अशी समज दिली. विक्री मात्र चांगली झाली, असे थर्क पुढे सांगत असत.

ह्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या पत्त्यांपैकी एकही चोरलेला नव्हता. निर्देशिका छापलेली होती, ती कोणीही उघडून पाहावी. पण आपल्या वाड्याच्या दारावर नावाची पाटी असते ती पाहुण्याला घर सापडावे म्हणून. पाटी वाचता आली म्हणून वाटेल त्याने माजघरापर्यंत यावे, असा तिचा अर्थ होत नाही. पत्ता ठाऊक असणे आणि परवानगी असणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा अनेकांच्या अनुभवास आले. जॉन पोस्टेल ह्या संगणकतज्ज्ञाने १९७५ च्या नोव्हेंबरमध्येच एक छोटे टिपण लिहून, नको असलेला मजकूर नाकारण्याची सोय ह्या जाळ्यात नाही, हे दाखवून ठेवले होते. पण त्याची निकड तेव्हा कोणास भासली नव्हती.

निकड वाढली ती हिशेबामुळे. व्ही. पी. परत आली तर संपादकाचा खिसा हलका होई, म्हणून तो आपोआप सावध होई. ई-मेलमध्ये हे गणित उलटे झाले. शंभर पत्रे पाठवा की लाख, पाठविणाऱ्याच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक नाही. आणि ती उघडण्याचा, निवडण्याचा, पुसून टाकण्याचा सारा व्याप मात्र घेणाऱ्याच्या डोक्यावर. ज्याची चूक त्याला भुर्दंड नाही, तेथे विवेक तरी कोठून यावा?

आता संमती घेण्याच्या रीतीकडे वळू. एरिक थोमा नावाच्या पॅरिसच्या एका विद्यार्थ्याने १९८६ साली लिस्टसर्व्ह नावाची आज्ञावली लिहिली. तोवर चर्चामंडळाच्या यादीत नाव घालणे, काढणे हे काम कोणीतरी माणूस बसून करी. ते आता यंत्र करू लागले. सोय झाली, पण एक भोक राहिले. दाराशी वही ठेवली आहे आणि येणारा स्वतःचेच नाव लिहितो आहे की शेजाऱ्याचे, हे पाहावयास कोणी नाही, अशी स्थिती झाली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये एका टोपणनावाच्या उपद्व्यापी इसमाने नेमके हेच केले. राजकारणी, पत्रकार अशा अनेक प्रसिद्ध व्यक्तींची नावे त्याने असंख्य याद्यांत परस्पर नोंदविली, आणि त्या बिचाऱ्यांच्या टपालपेट्या न मागितलेल्या पत्रांनी तुडुंब भरल्या. पाठविणाऱ्या संस्थांची तरी चूक कशी म्हणावी? त्यांच्या वहीत नाव होते!

ह्यावरचा उपाय फार साधा आहे. नाव आले की लगेच यादीत घालावयाचे नाही. त्या पत्त्यावर एकच पत्र पाठवावयाचे: तुमचे नाव आमच्याकडे आले आहे, ते तुम्हीच दिले असेल तर ह्या खुणेचे उत्तर द्या, नसेल तर काही करू नका, आम्ही पुन्हा लिहिणार नाही. येथे मौनाचा अर्थ फिरला. जुन्या संपादकाच्या लेखी न बोलणे म्हणजे होकार होता. ह्या पत्रात न बोलणे म्हणजे नकार. व्यापारी ह्या पद्धतीस ‘दुहेरी नोंदणी’ म्हणू लागले. दुहेरी म्हटले की उगाचच दुप्पट खटाटोप वाटतो, म्हणून स्पॅमविरोधी मंडळींना हे नाव मुळीच आवडत नसे. खात्री करून घेणे हीच पहिली आणि खरी नोंद, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. दुकानदारांचा आक्षेप असा की, पुष्कळ लोक हौसेने नाव देतात आणि खात्रीच्या पत्राला उत्तर द्यावयास आळस करतात. खरे आहे. पण खोटी नावे राहू दिली तर काय होते, हे २० वर्षांनी पुन्हा दिसले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तीच जुनी खोडी यंत्राच्या वेगाने झाली; ह्या वेळी सरकारी कचेऱ्यांचे पत्ते नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडविले गेले. तेव्हा स्पॅमहाऊस ह्या संस्थेने, जी स्टीव्ह लिनफर्ड ह्यांनी १९९८ मध्ये स्थापिली, मेल पाठविण्याचा धंदा करणाऱ्या काही नामांकित कंपन्यांनाही आपल्या काळ्या यादीत घातले. कारण एवढेच की, त्यांच्या ग्राहकांच्या नोंदणीपत्रकांत खात्रीची पायरी नव्हती.

परवानगीच्या विचाराचे श्रेय पुष्कळदा सेथ गोडिन ह्यांच्या १९९९ च्या ‘परमिशन मार्केटिंग’ ह्या पुस्तकाला दिले जाते. पुस्तकाने तो विचार व्यापाऱ्यांच्या गळी उतरविला हे खरे. पण तत्पूर्वी जाळ्याची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांनी तो आपल्या त्रासातून शोधला होता.

कायदा आला तो दोन तोंडांनी. युरोपच्या २००२ च्या निर्देशाने जाहिरातीच्या मेलला आधी संमती हवी असे ठरविले, जुन्या गिऱ्हाइकांपुरती थोडी सूट ठेवून. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने उलट म्हटले: पाठवा, मात्र समोरचा नको म्हणाला तर कामाच्या १० दिवसांत थांबा. म्हणजे अमेरिकेत व्ही. पी. वाला संपादकच जिंकला! पुढे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या माहिती-संरक्षण नियमावलीने मौन, आधीच खूण केलेली चौकट आणि निष्क्रियता ह्यांना संमती मानू नये, असे स्पष्ट लिहिले. प्लॅनेट४९ ह्या सोडतीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी हेच उचलून धरले. आपल्याकडचा २०२३ चा व्यक्तिगत डिजिटल माहितीचा कायदाही संमती स्पष्ट कृतीने दिलेली असावी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी, असे सांगतो.

परत घेण्याचा हा मुद्दा मला देण्याहून मोठा वाटतो. संमती शिळी होते. कॅनडाच्या २०१४ पासूनच्या कायद्यात, खरेदीवरून गृहीत धरलेली संमती २ वर्षांत आणि नुसत्या चौकशीवरून धरलेली ६ महिन्यांत संपते. माणसे नोकरी बदलतात, पत्ते सोडतात; सोडलेले काही पत्ते पुढे सापळे म्हणून वापरले जातात, आणि यादी न झाडणारा त्यांत अलगद सापडतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले. भुर्दंड थोडासा का होईना, पाठविणाऱ्याकडे वळला तो असा.

हे सारे मी शहाणपणाने सांगतो आहे, पण एका लहानशा संस्थेची यादी काही वर्षे माझ्याच हाती होती. सभेच्या हजेरीपटावरून, कोणाच्या निमंत्रणाच्या यादीवरून, मिळेल तेथून मी नावे उचलली होती. यादीची लांबी पाहून कार्यकारिणीत मला शाबासकीही मिळे. एका बाईंनी, आपले यजमान वारून वर्ष झाले तरी त्यांच्या नावे तुमची निमंत्रणे येतात, असे दोन ओळींत कळविले, तेव्हा मी ती यादी पहिल्यांदा नीट वाचली. मग सर्वांना खात्रीचे पत्र पाठविले आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांची नावे काढली. यादी निम्म्याहून खाली आली.

पुढच्या कार्यक्रमाला एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले आणि रागाने म्हणाले, “माझे नाव का काढलेत? मला निमंत्रण आले नाही.” मी म्हटले, “आपले उत्तर आले नाही.” ते म्हणाले, “अहो, मी काही बोललो नाही, म्हणजे माझी संमतीच नव्हती का?” मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा चढवून, सावकाश, ठळक अक्षरांत आपला पत्ता लिहिला आणि खाली तारीख घातली.