कौटुंबिक स्रावी काचाभ-दृष्टिपटल विकार

दृष्टिपटलाच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या न पोहोचल्यामुळे उद्भवणारा हा आनुवंशिक नेत्रविकार क्रिसविक व शेपेन्स यांनी १९६९ मध्ये प्रथम वर्णिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून नेत्रतज्ज्ञ त्यास एफईव्हीआर म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत आढळणाऱ्या दृष्टिपटलविकाराशी त्याचे बाह्य साम्य मोठे असले, तरी येथील बालके बहुधा पूर्ण दिवसांची असतात आणि दोष वाहिन्यांच्या वाढीला दिशा देणाऱ्या नॉरिन या प्रथिनाच्या संदेशवहनात असतो. एफझेडडी४, एलआरपी५, टीएसपीएएन१२ व एनडीपी ही संबंधित प्रमुख जनुके होत.

वाहिन्यांअभावी प्राणवायूला मुकलेला कडेचा भाग व्हीईजीएफ हे वाहिनीवर्धक प्रथिन स्रवू लागतो. त्याच्या प्रभावाने फुटणाऱ्या नव्या वाहिन्या ठिसूळ असल्याने त्यांतून रक्त व स्राव पाझरतो, सोबत वाढणारी तंतुमय ऊती आकसते आणि दृष्टिपटल ओढले जाऊन प्रसंगी जागेवरून सुटते. म्हणूनच लेसरचा मारा नव्या वाहिन्यांवर नव्हे, तर त्यांना चेतवणाऱ्या वाहिनीहीन भागावर करतात. त्या भागाची सीमा शिरेतून फ्लुरेसिन रंगद्रव्य देऊन घेतलेल्या विस्तृत छायाचित्रांत स्पष्ट होते; लहान मुलांत तपासणी व लेसर ही दोन्ही कामे बहुधा एकाच भुलीत उरकतात. बेव्हॅसिझुमॅबसारखी व्हीईजीएफरोधक औषधे डोळ्यात टोचल्यास वाहिन्या लवकर मावळतात खऱ्या, परंतु परिणाम तात्पुरता असतो, तंतुमय ऊती आकसून ओढ वाढण्याचा धोका राहतो आणि औषध रक्तात उतरत असल्याने वाढत्या अर्भकाबाबत सावधगिरी लागते. त्यांना लेसरची जोड मानणेच योग्य. दृष्टिपटल सुटल्यावर काचाभ द्रव्य काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. मात्र मुलांत हे द्रव्य दृष्टिपटलाला घट्ट चिकटलेले असल्याने ती अवघड ठरते.

विकार शांत झाल्यावर अनेक वर्षांनी पुन्हा उसळू शकतो, त्यामुळे तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. एलआरपी५ मधील दोषात हाडांची घनताही कमी असू शकते. कोणतीही तक्रार नसलेल्या आईवडिलांच्या वा भावंडांच्या डोळ्यांत याच विकाराच्या सौम्य खुणा अनेकदा सापडतात. अनेक कुटुंबांत ज्ञात जनुकांपैकी एकातही दोष आढळत नसल्याने जनुकचाचणी निर्दोष आली, तरी नातेवाइकांच्या दृष्टिपटलाची प्रत्यक्ष तपासणी टाळता येत नाही.