बर्फावाचूनचे बर्फनृत्य

मराठी भाषेला घसरण्याचे मोठे वावडे आहे. पाय घसरला म्हटले की ऐकणारा चिखलाकडे पाहत नाही, माणसाच्या शीलाकडे पाहतो. जीभ घसरते, भाव घसरतात, गाडी रुळांवरून घसरते. घसरून कुणाचे भले झाल्याचे आमच्या भाषेला ठाऊक नाही. ज्या मुलखांत हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी होतात, तेथील लोकांनी मात्र या घसरण्याचीच विद्या केली आणि पुढे ती नाटकगृहात आणून, पडदा लावून, तिकीट काढणाऱ्यांना दाखवली. ती रंगभूमीवर कशी चढली, आणि आमच्या धाराशिवापर्यंत कोणत्या वेषात येऊन पोचली, याची हकीकत मोठी गमतीची आहे.

आमच्या बालाघाटाच्या पठारावर बर्फ दोनच रूपांत भेटतो. एक गोळेवाल्याच्या गाडीवरचा, भुसा झटकून पोत्यातून काढलेला. दुसरा आभाळातून पडतो, पण त्याचे नाव काढलेले कुणाला आवडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी आमच्याकडची उभी पिके झोडपून काढली, ते अजून लोक विसरलेले नाहीत. मुंबईचे म्हणाल तर तेथेही बर्फ पूर्वी परदेशी पाहुणाच होता. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून, भुशात गुंडाळून जहाजाने १८३३ साली कलकत्त्यास आला आणि पुढल्याच वर्षी मुंबईस. त्या तळ्यांवर तेथील पोरे पायांना पाती बांधून घसरत असतील, आणि तीच तळी तुकड्यातुकड्यांनी आमच्या साहेबलोकांच्या पेल्यांत येऊन पडत होती!

काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत पुतणीकडे इंग्लंडात गेलो होतो. एका संध्याकाळी तिने आम्हां सर्वांना बर्फावरच्या नृत्यनाट्याला नेले. मला वाटले होते, एखादे प्रचंड क्रीडागृह असेल. पाहतो तो काय, आपल्यासारखेच नाटकगृह! लाल खुर्च्या, सज्जे, मखमली पडदा. पडदा वर गेला आणि पहिल्यांदा काही दिसण्याऐवजी गारवा लागला. एखाद्या जुन्या वाड्याच्या तळघराचे दार उघडावे तसा. मग आवाज आला. पाते बर्फ कापत जाते त्याचा एक सर्र असा आवाज असतो, रेशमी कापड फाडल्यासारखा. वाद्यमेळ थांबे तेव्हा तेवढाच ऐकू येई.

पुतणीची नऊ वर्षांची मुलगी माझ्या शेजारी होती. ती स्वतः हे शिकते, त्यामुळे माझी शिकवणी चालूच होती. "आजोबा, पायाकडं बघा. आतली कड, आता बाहेरची." पात्याला मधून बारीक खाच असते, तिच्यामुळे त्याला दोन धारा होतात; शरीराचा झोक ज्या धारेवर जाईल त्या बाजूला पाऊल वर्तुळ काढू लागते. म्हणजे सरळ जाणे हे या विद्येत बिनमहत्त्वाचे, सगळी कमाई वळणात! फिगर स्केटिंग हे नावही त्यावरूनच पडले: बर्फावर पायाने काढलेल्या आकृत्या. इंग्रजी आठाचा आकडा काढायचा आणि पुन्हा त्याच रेघेवरून तंतोतंत फिरायचे, अशी तिची परीक्षा असे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून १९९० नंतर ती उठली.

मध्यंतरात मी विचारले, रंगमंचावर हे तळे आणले कसे? फळ्यांवर जाड थर अंथरून त्यावर बारीक नळ्यांचे जाळे पसरतात, नळ्यांतून गोठणबिंदूच्या खाली गेलेले द्रावण खेळवतात, आणि वरून पाण्याचे फवारे मारून थरावर थर गोठवत जातात. स्पर्धेचे मैदान साठ मीटर लांब नि तीस मीटर रुंद असते. रंगमंच त्याच्या पासंगालाही पुरत नाही. चार झोके घेतले की कडा आली. म्हणून धावण्याला तेथे वावच नाही. वळा, गरगर फिरा, उचला, थांबा. माझ्या मते मैदानावरच्या कसरतीचे नाटक झाले ते या अडचणीमुळेच.

परंतु इतिहासात पाहू जाता रंगभूमीवर आधी बर्फ आलाच नाही. आली ती चाके. १७६० च्या सुमारास लंडनमध्ये मर्लिन नावाचा एक बेल्जियन कारागीर होता. त्याने चाकांचे जोडे केले आणि एका मेजवानीत ते घालून, व्हायोलिन वाजवीत स्वारी शिरली. थांबावे कसे याचा विचार करायचा राहून गेला होता! पाचशे पौंडांच्या आरशावर जाऊन तो आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले, तोही जखमी झाला, असे सांगतात. पुढे १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात मायरबेअरचा 'ल प्रोफेत' हा संगीतक रंगमंचावर आला. त्यात गोठलेल्या तळ्याचा प्रवेश होता. बर्फ तर करता येत नव्हता, म्हणून नर्तकांच्या पायांना चाके बांधली आणि प्रेक्षकांनी ते तळे खरे मानले. विजेच्या दिव्याने सूर्योदय दाखवल्याचे कौतुकही त्याच प्रयोगाचे. नाटक म्हणजे तरी दुसरे काय असते!

खऱ्या बर्फावर नृत्य नेले ते जॅक्सन हेन्स या अमेरिकन माणसाने. मूळचा तो नर्तक. त्या काळी चांगला स्केटर म्हणजे ताठ कण्याने रेघा काढणारा गृहस्थ. हा हात पसरून, वाद्यांच्या तालावर नाचत जाई. घरी कुणी फारशी कदर केली नाही, तेव्हा १८६४ च्या सुमारास तो युरोपात गेला आणि व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतले. १८७५ मध्ये फिनलंडमध्ये तो वारला. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये जॉन गॅम्जीने यंत्राने गोठवलेले पहिले मैदान उघडले, आणि बर्फ ऋतूच्या तावडीतून सुटला. नाटकगृहाची वाट तेव्हा मोकळी झाली. १९१५ साली बर्लिनची शार्लट ऑल्शलेगेल ही सतरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम नाटकगृहात बर्फावर नाचू लागली. पाच हजार खुर्च्यांचे ते घर. ठरलेला मुक्काम लांबतच गेला. पुढे वाकून, डोके बर्फाजवळ नेत दुसरा पाय सरळ वर उचलण्याच्या एका चालीला तिचे नाव अजून आहे. नंतर १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवून नॉर्वेची सोन्या हेनी सिनेमात गेली, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

आपल्याकडे सिमल्यास १९२० पासून थंडीत उघड्यावर पाणी गोठवून मैदान करतात. पण तो साहेबी शौक. सोलापूर-धाराशिवाकडच्या माणसाला त्याचे काय! आमच्याकडे ही विद्या आली ती पुन्हा चाकांवरूनच, आणि तिला आणले सर्कशीने.

सर्कस ही आपण मराठी माणसांनी उभी केलेली गोष्ट आहे, हे आता मुलांना सांगावे लागते. १८७९ मध्ये कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईला आली. असले खेळ करायला हिंदी लोकांना अजून अवकाश आहे, अशा अर्थाचे तो काही बोलला म्हणतात. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे तेव्हा कुरुंदवाडकरांच्या पदरी होते. ग्वाल्हेरीस हद्दूखांच्या घरी गाणे शिकलेला आणि घोड्यावर जीव असलेला हा माणूस. १८८० साली त्याने स्वतःची सर्कस मुंबईत उभी केली! पुढे म्हैसाळच्या देवलांची, सांगलीकडच्या कार्लेकरांची, अशा सर्कशी निघाल्या. छत्र्यांची केरळात तलश्शेरीला कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी गाठ पडली, आणि तेथे १९०१ मध्ये कसरतीची शाळाच निघाली. माझ्या लहानपणी तंबूत दिसणाऱ्या मुली बहुधा मल्याळी बोलत, त्याचे मूळ येथे आहे.

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन येडशीवरून लातूरकडे जाई. आमचे गाव तिच्यापासून बाजूला. सर्कस येई ती मालमोटारींतून, सुगी संपल्यावर, लोकांच्या हाती पैसा असतानाच. रस्त्याने हत्ती चालवीत नेला की जाहिरातीची गरज उरत नसे. हत्ती-वाघांपेक्षाही मला आठवतो तो स्केटिंगचा खेळ. रिंगणात फळ्यांचा एक गोल चौथरा आणून ठेवीत, जेमतेम बैठकीतल्या सतरंजीएवढा. चाकांचे जोडे घातलेला एक गडी आणि एक मुलगी त्यावर चढत. तो जागच्या जागी गिरकी घेऊ लागे; मग ती त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला मानेने अडकून, हातपाय सोडून, आडवी फिरू लागे. बँड थांबे. चाकांचा घरघराट तेवढा उरे. तिची वेणी चौथऱ्याबाहेर वर्तुळ काढीत असे. माझी आत्या पदराने डोळे झाकून म्हणे, "अगं माय, पडती की लेकरू!" आणि बोटांच्या फटीतून पाहतच राही.

नाटकगृहात बसून मला जे दिसत होते, त्यातले निम्मे मी असे आधी पाहिलेले होते. तेच झोक सांभाळणे, हात अंगाशी घेतले की तेच गिरकी वाढणे. फरक एवढाच की शार्लटचे नाव एका चालीला राहिले, आणि त्या चौथऱ्यावरच्या मुलीचे नाव हस्तपत्रिकेवरही नसे. त्यावर फक्त 'स्केटिंगचा अजब खेळ' एवढे छापलेले. ती कोणत्या गावची, किती वर्षांची, पोटभर जेवत होती की नाही, हे कुणी विचारले नाही. आम्हीही टाळ्या वाजवून घरी गेलो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यास बंदी केली, त्याआधी वाघ-सिंह गेलेच होते. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. तंबू रोडावले हेही खरे, आणि त्याचे मला वाईट वाटते. ही दोन्ही मते मी एकाच वेळी बाळगून आहे.

पुतणीच्या मुलीला मी हे सारे परतताना सांगितले. तिचा पहिला प्रश्न असा होता की, "आजोबा, ब्रेक कुठं लावत असतील? कडा तर लगेच येते!" खरे जाणकारच असले प्रश्न विचारतात. मला उत्तर देता आले नाही, पण एक गोष्ट आठवली ती सांगितली. सर्कस पालाला असताना आम्ही पोरे सकाळी तंबूच्या मागे जाऊन उभे राहत असू. तेथे दोऱ्यांवर झगमगीत कपडे वाळत असत, कुणी चूल फुंकत असे, हत्ती कडबा खात असे. आणि तो गोल चौथरा उन्हात एका गाडीला टेकवून उभा केलेला असे. बर्फावरच्या रेघा खेळ संपल्यावर यंत्र फिरवून पुसून टाकतात. त्या फळ्यांवर मात्र चाकांनी वर्तुळे कोरलेली होती, एकात एक, बोट फिरवले तर लागतील इतकी खोल.