झटक्याचे मूळ कुठे?

कोरड्या हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठून दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. त्याचे खापर घर्षणावर फुटते, पण ते कारण अपुरे आहे. दोन वस्तू टेकून दूर झाल्या की थोडाफार विद्युतभार इकडून तिकडे जातोच. झटक्यासाठी भारित शरीराचा जमिनीशी संबंधही तुटावा लागतो. हे कळले १७२९ साली, इंग्लंडात. मूळचा रंगारी असलेला स्टीफन ग्रे घासलेल्या काचनळीतला भार सुतळीवरून शेकडो फूट नेत होता. सुतळी रेशमी धाग्यांनी टांगलेली होती. रेशीम तुटले म्हणून त्याने तितकीच बारीक पितळी तार लावली, आणि भार त्या तारेतूनच निसटून पुढे जाईना. प्रश्न जाडीचा नव्हता, पदार्थाचा होता! पुढच्याच वर्षी त्याने एका मुलाला दोऱ्यांवर आडवे टांगून भारित केले. त्यानंतर पॅरिसमध्ये द्यु फे हा शास्त्रज्ञ स्वतः रेशमी दोरांवर टांगून घेऊन भारित झाला आणि त्याच्या अंगातून ठिणगी निघाली. आपल्या घरातल्या झटक्याचा खरा पूर्वज हा प्रयोग आहे. आज रेशमी दोरांचे काम चपलेचा रबरी तळ करतो.

लोकर आणि रेशीम तर जुनेच, मग तक्रार आताच का वाढली, असे कोणी विचारेल. कोरड्या थंडीत घोंगडीतूनही ठिणग्या निघतात, हे खरेच. पण १९३५चे नायलॉन आणि १९४१चे पॉलिएस्टर घरोघर आले आणि पायाखालच्या वस्तूंपासून खुर्चीपर्यंत सगळेच भार अडवू लागले. सामान्य हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. तोच पॉलिएस्टरचा सदरा कोकणातल्या पावसाळ्यात निमूट राहतो, कारण दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यावरून भार ओघळून जातो.

उपायही इथूनच निघतात. हिवाळ्यात सुती कपडे वापरावेत, घरात अनवाणी चालावे, खोलीत ओले कपडे वाळत घालावेत. खुर्चीला धातूचा भाग असेल, तर उठतानाच त्याला हात टेकवावा. कडीला आधी किल्ली लावली तर ठिणगी किल्लीच्या टोकाशी पडते आणि बोटाला चटका बसत नाही. हे झटके काही हजार व्होल्टचे असूनही भार अत्यल्प असल्याने इजा करत नाहीत. पेट्रोलच्या वाफेजवळ मात्र हीच ठिणगी घातक ठरते. फ्रिज किंवा गीझरला हात लावताच दरवेळी झिणझिण्या येत असतील, तर ती बहुधा विजेची गळती असते. तेव्हा मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.