मारणाऱ्यांचा वर्ग



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की कुणाच्या तरी घरचा विषय निघतोच. प्रश्नही ठरलेला. "मला नवरा सोडायचा नाही, पण मार थांबला पाहिजे. त्याला सुधारायचं कसं?" हाच प्रश्न सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बायकांनी विचारला होता. त्यातून पुढे काय झालं, ते आज सांगते.

१९७०च्या दशकात तिथे मार खाणाऱ्या बायकांसाठी निवारागृहं निघाली. बाई तिथे आली की तिची सोय व्हायची, पण मारणारा मोकळाच राहायचा. मग बोस्टनच्या निवारागृहांतल्या कार्यकर्त्या ओळखीच्या पुरुषांना म्हणाल्या, या माणसांशी आता तुम्ही बोला. त्यातून १९७७ साली 'इमर्ज' ही संस्था उभी राहिली. मारणाऱ्या पुरुषांसाठी त्या देशात निघालेली ही पहिली संस्था. मागणी बायकांची होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण खरं नाव झालं ते डुलुथचं. मिनेसोटा राज्यातलं, सुपीरियर सरोवराच्या काठचं हे बंदराचं शहर. तोवर पोलीस घरी यायचे, नवऱ्याला 'जरा बाहेर फिरून ये' म्हणायचे आणि निघून जायचे. एलेन पेन्स, मायकेल पेमार आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८०-८१च्या सुमारास पोलीस, वकील, न्यायाधीश, निवारागृह या सगळ्यांना एका धाग्यात बांधलं. मारहाणीचा पुरावा दिसला की अटक. मग कोर्टाच्या हुकमाने दर आठवड्याला वर्ग, तोही कित्येक महिने. वर्ग बुडवला तर कोर्टाला कळवायचं. बायकोशी संपर्क वेगळा ठेवायचा, कारण त्याच्यासमोर ती खरं कसं बोलणार?

वर्गात शिकवायचं काय, हे त्यांनी मार सोसलेल्या बायकांनाच विचारलं. तुमच्या घरात रोज काय घडतं? उत्तरांत नुसती मारहाण नव्हती. पैसे हातात न देणं, माणसांना भेटू न देणं, मुलं काढून घेण्याची धमकी, चारचौघांत हिणवणं, आणि वर 'मी काही केलंच नाही' म्हणणं. त्यावरून १९८४ साली आठ भागांचं एक चाक काढलं गेलं. मधे लिहिलं, सत्ता आणि ताबा. आपल्या गटात हे चाक भिंतीवर लावलं, तर कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दारूचं निमित्तही तिथे चाललं नाही. मला ते पटतं. प्यालेला माणूस सरपंचावर हात टाकत नाही, घरी येऊन बायकोवरच टाकतो.

गुण आला का? सगळीकडे नाही. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत ४०४ पुरुषांची पाहणी झाली. वर्गाला पाठवलेले आणि न पाठवलेले, यांच्यात फारसा फरक दिसला नाही. ज्यांना नोकरीसारखं गमावण्यासारखं काही होतं, ते मात्र जास्त सावरले. सगळेच पुरुष सत्तेसाठी मारतात असं आपण धरूनच चाललो होतो, हे पेन्सबाईंनी स्वतः पुढे लिहिलं. एवढा प्रामाणिकपणा थोडेच दाखवतात.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत. दोनशेहून जास्त पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातूनच १९९३ साली 'मावा', म्हणजे 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' ही संस्था निघाली. हरीश सदानी आणि सोबती तरुण मुलांमधे काम करू लागले, हात उगारण्याची सवय लागण्याआधीच.

आणि कायदा? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे न्यायदंडाधिकारी नवऱ्याला समुपदेशनाला पाठवू शकतात, एकट्याला किंवा दोघांना मिळून. नियम त्याहून कडक आहेत. का मारलं याचं समर्थन तिथे त्याला करता येत नाही. पुन्हा असं करणार नाही, अशी हमी त्याला द्यावी लागते. आणि तडजोडीचा प्रयत्न करायचा, तो बाईची इच्छा असेल तरच. तेव्हा कुणी 'भांड्याला भांडं लागतंच, तूच जरा समजून घे' म्हणत बैठक सुरू केली, तर हा नियम आधी वाचायला सांगा. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तो मिळतो.